हेंड्रिक्सवरचा चित्रपट: आपण नेमकी कशाची वाट बघतोय?

काळी_तबकडी

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवर नवा चित्रपट निघणार अशी कुजबुज अधूनमधून उठते आणि आपल्यासारखे लोक पुन्हा आशेला लागतात. म्हणून हा धागा. चित्रपट कुणीही काढो, त्यात काय बरोबर असलंच पाहिजे ते इथे नीट लिहून ठेवू.

आतापर्यंतच्या कथाचित्रपटांपैकी दोन ठळक आहेत. २००० सालचा टीव्हीसाठी केलेला, त्यात वुड हॅरिस. दुसरा २०१३ चा, जॉन रिडली यांचा, त्यात आन्द्रे बेंजामिन. दुसरा फक्त १९६६-६७ च्या लंडनपुरता आहे आणि कॅलिफोर्नियातल्या माँटेरी संगीत महोत्सवाला निघण्याच्या जरा आधी संपतो. हेंड्रिक्सच्या वारसांच्या कंपनीने गाणी दिली नाहीत, त्यामुळे त्याची स्वतःची एकही रचना त्यात नाही. गिटार वॉडी वॅक्टेलने वाजवली, बेस लेलँड स्क्लारने, ड्रम केनी अ‍ॅरोनॉफने. तिघंही पट्टीचे वादक, आणि बेंजामिनने मेहनतही खूप घेतली. तरीही ज्या माणसाची ओळखच त्याच्या रचना आहेत, त्याचा चित्रपट त्यांच्याशिवाय अर्धाच राहतो.

माझी पहिली मागणी: सुरुवात मरणापासून नको. १८ सप्टेंबर १९७० ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लंडनमध्ये तो गेला हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. त्याचे हात दाखवा, त्याने कुठल्या कागदावर सह्या केल्या ते दाखवा. २४ सप्टेंबर १९६६ ला तो लंडनला उतरला, तिथून शेवटापर्यंत चार वर्षंही पूर्ण होत नाहीत. एवढ्या वेळात इतकं काम झालं कसं, हा खरा विषय आहे.

प्रतिसादात नेमकं लिहा. साल, वाद्य, जागा, काय चुकतं आणि का.

उलटी_स्ट्रॅट

गिटारपासून सुरुवात करतो, कारण पडद्यावर सगळ्यात आधी हेच चुकतं.

हेंड्रिक्स डावखुरा. उजव्या हाताच्या वादकासाठी बनलेली स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात स्ट्रॅट) तो उलटी धरायचा आणि तारा काढून पुन्हा चढवायचा, म्हणजे जाड तार वरच यायची. नुसती गिटार उलटी धरली आणि तारा तशाच ठेवल्या, तर बारीक तार वर जाते आणि सगळी बोटं चुकतात. ब्लूज वादक अ‍ॅल्बर्ट किंग तसा वाजवायचा, हेंड्रिक्स नाही.

सामान विभागाने अशी गिटार करायची तर क्रम असा ठेवावा. आधी जुना नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी) काढून नवा कोरा नट बसवायचा. जुन्या नटमध्ये जाड तारेची खाच बारीक तारेच्या वाट्याला येते, तार सैल बसते आणि खडखडते. उलट बाजूला जाड तार अरुंद खाचेत अडकते आणि सूर लावताना झटक्याने सरकते. त्याच्या तारा हलक्या होत्या. त्याच्यासाठी पेडल बनवणारे रॉजर मेयर सांगतात त्याप्रमाणे जाडी इंचाच्या हजाराव्या भागात १०, १३, १५, २६, ३२, ३८. म्हणजे सर्वांत बारीक ०.२५ मिमी, सर्वांत जाड ०.९७ मिमी. खाच तारेपेक्षा जेमतेम ०.०५ मिमी रुंद आणि हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बाजूला किंचित उतरती हवी. तंबोऱ्याची जवारी लावताना असते तशीच ही नजरेची आणि कानाची कामगिरी आहे, घाई केली की नट वाया. खाचेत पेन्सिलीचं ग्रॅफाइट घासावं.

मग पट्ट्याचं बटण. ते आता वर आलेल्या आखूड हॉर्नवर (गिटारच्या अंगाच्या शिंगासारख्या टोकावर) लावावं लागतं, आणि त्यामुळे गिटारची मान खाली झुकते. त्याचा डावा हात वाजवायला आणि उजवा मानेवर असतो. मान झुकत असल्याने उजव्या हाताला थोडा भार पेलावा लागतो. कलाकाराला हे शिकवावं लागेल, नाहीतर गिटार हातात परकी दिसते.

शेवटी ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा खालच्या टोकाला ज्यांवर टेकतात ते तुकडे. जाड तारेचं सॅडल मागे, बारीक तारेचं पुढे. बाराव्या फ्रेटवरचा स्वर आणि त्याच जागचा हार्मोनिक जुळेपर्यंत स्क्रू फिरवायचा. हे केलं नाही तर मोकळ्या तारा सुरात आणि वरचे कॉर्ड बेसूर, असा प्रकार होतो. मानेची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची असल्याने तारा फार खाली बसवू नयेत. बाराव्या फ्रेटवर पावणेदोन ते दोन मिमी ठेवा. त्याहून खाली आणलं की वरच्या फ्रेटांवर तार ओढताना आवाज दबून मरतो, आणि हेंड्रिक्सचं निम्मं वाजवणं तारा ओढण्यातच आहे.

नवश्रोता

गिटार उलटी केल्याने आवाजात खरंच फरक पडतो का? की फक्त दिसायला वेगळी?

उलटी_स्ट्रॅट

पडतो, आणि तो मोजता येण्यासारखा आहे.

ब्रिजजवळचा पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) तिरका असतो. सरळ गिटारमध्ये त्याची बारीक तारांकडची बाजू ब्रिजला जवळ असते, म्हणून त्या तारा धारदार वाजतात. उलट्या गिटारमध्ये जाड तारांची बाजू ब्रिजजवळ येते. जाड तारा घट्ट आणि स्पष्ट वाजतात, बारीक तारा जरा गोल.

दुसरं म्हणजे पिकअपमधले चुंबक. त्या काळात त्यांची उंची प्रत्येक तारेसाठी वेगळी असायची. उलट केल्यावर दुसऱ्या तारेखाली पाचव्या तारेचा उंच चुंबक येतो आणि ती जोरात वाजते, पाचवीखाली दुसरीचा बुटका येतो आणि ती मागे पडते.

तिसरं, हेडस्टॉकही उलटा होतो. जाड तारेची खुंटी सगळ्यात लांब जाते आणि बारीक तारेची नटच्या अगदी जवळ येते. नटपलीकडे बारीक तारेचा उरलेला तुकडा आखूड झाल्याने ती थोड्याशा ओढीतच वर चढते.

म्हणून ध्वनिमुद्रणासाठी वाजवणारा उजवा असला तरी चालेल, पण त्याची गिटार उलट्या पिकअपची आणि उलट्या हेडस्टॉकची हवी.

रीळवाला

कलाकार उजवा असेल तर काय, हा प्रश्न येणारच. तीन वाटा आहेत. कलाकाराने डाव्या हाताने शिकावं, ही सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वेळखाऊ. हातांचे जवळचे शॉट दुसऱ्या डावऱ्या वादकाचे घ्यावेत, ही नेहमीची. तिसरी म्हणजे शॉट उजव्या हाताने घेऊन चित्र आरशासारखं उलटवायचं.

तिसरी वाट ऐकायला सोपी वाटते, पण तिची तयारी मोठी आहे. उजव्या कलाकाराच्या हातात डावखुरी स्ट्रॅट द्यावी लागते, उजव्या क्रमाने तारा चढवलेली. चित्र उलटलं की ती पडद्यावर बरोबर हेंड्रिक्सची गिटार होते. मात्र हेडस्टॉकवरचं नाव उलटं छापून घ्यावं लागतं. अँपवरची अक्षरंही तशीच. जॅकेटची बटणं, केसांचा भांग, अंगठ्या कुठल्या हातात, सगळं उलट. त्याचा ड्रमवादक मिच मिचेलचा ड्रमसेटही उलटा मांडावा लागतो, नाहीतर चित्र उलटल्यावर हाय-हॅट चुकीच्या बाजूला जाते आणि ड्रमर डावरा दिसतो. बेसवादक नोएल रेडिंगच्या हातात डावखुरा बेस द्यावा लागेल, म्हणजे त्या वादकाने उलटं शिकणं आलंच. त्यामुळे ही युक्ती फक्त जवळच्या, एकट्या हेंड्रिक्सच्या चौकटींसाठीच ठेवावी.

अंगठा विसरू नका. उजव्या हाताचा अंगठा मानेवरून वर आणून तो सहावी तार दाबायचा, आणि बाकीची चार बोटं मोकळी ठेवून कॉर्डच्या मध्येच छोट्या सुरावटी घालायचा. सरळ बॅरे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) धरलेला हेंड्रिक्स पडद्यावर दिसला की जाणकार तिथेच खट्टू होतो.

मंद्र_षड्ज

सुराबद्दल भर घालतो. पहिल्या तबकडीचं बहुतेक काम नेहमीच्या सुरात आहे. पुढे, आणि मंचावर तर जवळपास नेहमीच, तो सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवायचा. चित्रपटासाठी कुणी नेहमीच्या सुरातली गिटार घेऊन तेच स्वर वाजवले, तर प्रत्येक बोट एक फ्रेट अलीकडे जातं, आणि मोकळ्या सहाव्या तारेचा स्वर तर मिळतच नाही. प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण हात आणि आवाज जुळत नाहीत हे जाणवेल.

मंचावर गाण्यांच्या मध्ये तो सतत सूर लावताना दिसतो. ट्रेमोलोचा (स्वर खालीवर करणारा) दांडा इतका दाबायचा की तारा नटमध्ये अडकून सुरातून जायच्या. संकलकाने हे क्षण कापू नयेत. बोलता बोलता, न थांबता, कानाने सूर लावणं हे त्याच्या कौशल्याचाच भाग होतं.

पेडलपेटी

आता पायाखालचं. साखळी अशी: गिटार, मग वाह (पायाने हलवून आवाज 'वाह-वाह' करणारं पेडल), मग फझ फेस (आवाज चिरणारं पेडल), १९६९ पासून युनिव्हाइब (आवाज लहरता करणारं), मग मार्शल अँप. गिटारपासूनची केबल गुंडाळीची. त्या लांब केबलची धारणक्षमता जास्त असल्याने अगदी वरचा तीक्ष्णपणा आपोआप कापला जातो. सरळ आधुनिक केबल वापरून तोच आवाज काढायला गेलं की तो कर्कश होतो.

सालं सांभाळा. वाह १९६७ च्या उन्हाळ्यापासून. ऑक्टेव्हिया हे वरच्या सप्तकाचा स्वर मिसळणारं रॉजर मेयरचं यंत्र १९६७ च्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपासून. युनिव्हाइब हे जपानी शिन-एई कंपनीचं यंत्र १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात दिसतं. १९६७ च्या दृश्यात युनिव्हाइब ठेवला की चूक.

फझ फेसवर थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पहिल्या पेट्यांत जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर असायचे, एनकेटी २७५. पुढे सिलिकॉनचे बीसी १०८ आले. मंडल अगदी लहान: रोधक ३३ के, ८.२ के, ४७० ओहम आणि १०० के, फझचं बटण १ के, आवाजाचं ५०० के, धारित्रं २.२ आणि २० मायक्रोफॅरड, बाहेर जाताना ०.०१. पहिला ट्रान्झिस्टर साधारण ७० ते ९० गुणवृद्धीचा, दुसरा ११० ते १३० चा निवडावा. गळती जास्त असलेला ट्रान्झिस्टर मोजणीत गुणवृद्धी फुगवून दाखवतो, म्हणून गळती आधी मोजून वजा करावी. मग ८.२ के च्या जागी फिरता रोधक लावून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत जुळवायचं.

बिघडतं ते उष्णतेने. दिव्यांखाली जर्मेनियम तापला की गळती वाढते, जुळवणी सरकते आणि आवाज चिखलासारखा बसतो किंवा तुटक फडफडतो. चित्रीकरणाच्या दिव्यांखाली हे हमखास होणार. दोन पेट्या ठेवाव्यात, एक सावलीत.

आणखी एक. जर्मेनियमच्या या पेटीत धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर लावली तर थेट शॉर्ट. तिला वेगळी ९ व्होल्टची बॅटरीच द्या, जुन्या पद्धतीची कार्बन-झिंक असेल तर उत्तम.

गिटारचं आवाजाचं बटण थोडं मागे घेतलं की हीच पेटी जवळजवळ स्वच्छ वाजते. हेंड्रिक्स पेडल बंद न करता बटणावरच खेळायचा. म्हणून कलाकाराचा हात त्या बटणाशी सतत गेला पाहिजे. उलट्या गिटारमध्ये ती बटणं तारांच्या वर, मनगटाशी येतात, हेही दिसायला हवं.

नवश्रोता

वाह फझच्या आधी लावला की त्याचा 'वाह' मरतो असं वाचलं होतं. मग त्याने तसं का लावलं?

पेडलपेटी

फझ फेसचा प्रवेश-रोध फार कमी आहे, तो वाहवर ओझं टाकतो, म्हणून फिरकीची व्याप्ती कमी होते. हे खरं. पण फझ आधी लावला की वाह फक्त आधीच चिरलेल्या आवाजावर गाळणीचं काम करतो आणि तो फुसफुसतो. वाह आधी असला की फझला कुठल्या पट्टीतला आवाज मिळतो हेच बदलतं आणि गिटार बोलल्यासारखी वाटते. आज करायचं असेल तर वाहच्या बाहेर जाण्याच्या टोकाला छोटा बफर (पुढचं ओझं स्वतः पेलणारं मंडल) लावतात. त्याने फिरकी परत येते. मात्र तो बफर वाह बंद असताना वाटेतून बाहेर पडला पाहिजे, नाहीतर गिटारच्या बटणाने आवाज स्वच्छ होणं थांबतं.

काळी_तबकडी

मार्शलबद्दल दोन ओळी मी टाकतो. शंभर वॅटचे सुपर लीड, प्रत्येकाखाली बारा इंची चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं दुकान होतं, आणि मिच मिचेलने तिथे काम केलेलं असल्याने ओळख जुळली. १९६९ च्या मध्यापर्यंत अँपच्या पुढे प्लेक्सी पट्टी होती, नंतर धातूची आली. १९६७ च्या मंचावर धातूची पट्टी चालणार नाही.

सेटवर रिकाम्या पेट्या रचून काम भागवतात. किमान तालमीत तरी एक अँप खरा चालू ठेवा. फीडबॅक (अँपच्या आवाजानेच तार पुन्हा कंपून स्वर टिकणं) हा अँपकडे वळून, एक पाऊल पुढे-मागे होऊन, नेमका स्वर पकडण्याचा प्रकार आहे. अंतर बदललं की वेगळा हार्मोनिक जागा होतो. हे अंगाने कळल्याशिवाय कलाकाराला ते हालचालींत दाखवता येत नाही.

सामान_सुमान

गिटारच्या सालांच्या चुका पकडायच्या सोप्या खुणा:

हेडस्टॉक १९६५ च्या अखेरीपासून मोठा झाला. हेंड्रिक्सच्या हातात दोन्ही प्रकार दिसतात, पण वुडस्टॉकची पांढरी गिटार १९६८ ची, मोठ्या हेडस्टॉकची आणि मेपलच्या फिंगरबोर्डची आहे. ती आता सिएटलच्या पॉप कल्चर संग्रहालयात आहे. मान तीन स्क्रूंनी जोडलेली आणि हेडस्टॉकवर ट्रस रॉडचं (मानेतल्या सळईचं) गोळीसारखं टोक, या दोन्ही गोष्टी १९७१ च्या अखेरीस आल्या, म्हणजे तो गेल्यानंतर. पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच १९७७ चा. त्याच्या काळात तीन जागांचाच होता आणि मधल्या जागा मिळवायला स्विच अर्धवट अडकवावा लागायचा.

१९७० च्या आइल ऑफ वाइट महोत्सवात त्याच्याकडे काळी फ्लाइंग व्ही (व्ही आकाराची गिटार) ही होती, आणि ती कारखान्यातच डावखुरी बनलेली होती. तिथे उलटी व्ही दाखवली तर तीही चूकच.

मंद्र_षड्ज

माँटेरीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, आणि आपल्या वाचकांसाठी तर तो जिव्हाळ्याचा विषय आहे.

१८ जून १९६७, रविवार. त्या दिवशी दुपारचा सगळा वेळ एकट्या पंडित रविशंकर यांचा होता, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. श्रोत्यांत हेंड्रिक्स दिसतो, त्या वेळी घेतलेल्या चित्रफितीत तो टिपलेला आहे. रात्री द हू हा बँड आणि हेंड्रिक्स यांच्यात आधी कोण, यावर नाणेफेक झाली. द हू आधी वाजले, मध्ये ग्रेटफुल डेड, मग रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सने ओळख करून दिली आणि हेंड्रिक्स आला. शेवटच्या गाण्यासाठी त्याने काळी गिटार ठेवून स्वतः रंगवलेली गिटार घेतली आणि ती जाळली.

रविशंकरांना वाद्य जाळणं सहन झालं नाही, आणि त्यांनी ते नंतर स्पष्ट सांगितलं. माझ्या मते चित्रपटातला हा सगळ्यात मोलाचा प्रसंग ठरू शकतो. एकाच मंचावर, एकाच दिवशी, वाद्याला नमस्कार करून सुरुवात करणारी परंपरा आणि वाद्याची आहुती देणारा तरुण. कुणाला बरोबर ठरवायची गरज नाही. दोघांनाही पुरेसा वेळ द्या.

दोन वर्षांनी वुडस्टॉकला दोघं पुन्हा होते, पण वेगळ्या दिवशी. रविशंकर शुक्रवारी १५ ऑगस्टच्या रात्री पावसात वाजले, तबल्यावर अल्लारखाँच आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. हेंड्रिक्सची पाळी सोमवारी, १८ ऑगस्टच्या सकाळी आली.

रीळवाला

वुडस्टॉकच्या सकाळीच बहुतेक चित्रपट चुकतील अशी मला भीती आहे. लाखोंचा समुदाय बघत असताना तो अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवतोय, असं चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात सोमवारी सकाळपर्यंत बहुसंख्य लोक निघून गेले होते. उरले ते चिखलात, ओल्या पांघरुणांत, कचऱ्याच्या ढिगांमध्ये. संगणकाने गर्दी भरू नका. त्या विरळ मैदानातच ते वादन जास्त खरं दिसेल.

आणि मंचावर तीन माणसं नकोत. बिली कॉक्स बेसवर, मिचेल ड्रमवर, लॅरी ली दुसऱ्या गिटारवर, जुमा सुल्तान आणि जेरी वेलेझ तालवाद्यांवर. प्रसिद्ध झालेल्या मिश्रणात शेवटचे तिघं जवळपास ऐकूच येत नाहीत, म्हणून लोक त्यांना विसरतात.

सामान_सुमान

गिटार जाळण्याचं दृश्य करणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा त्याने ती जाळली लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या अ‍ॅस्टोरियात, ३१ मार्च १९६७ ला. दोन्ही वेळा लायटरचं तेल.

जुन्या गिटारवर नायट्रोसेल्युलोजचं लाखकाम असतं, ते लगेच पेटतं. १९६८ नंतरच्या जाड पॉलिएस्टरखालच्या गिटारवर तेल जळून जातं आणि लाकूड तसंच राहतं, वर काळा, विषारी धूर. म्हणून जाळायची गिटार वेगळीच बनवावी: हलकं लाकूड, पातळ नायट्रोचा थर. प्लॅस्टिकची पाटी आणि पिकअपची झाकणं काढून तशाच रंगाचे धातूचे पत्रे लावायचे. तारा आधीच सैल सोडायच्या, कारण ताणलेली तार तापून तुटली की चेहऱ्यावर येते. मागच्या स्प्रिंगाही काढून ठेवायच्या. मंचावर आगरोधक पत्रा आणि त्यावर लाकडी फळ्यांचा देखावा. तेल दिसेल इतकंच, आणि ते शिंपडताना कलाकाराच्या बाहीला झालर नसावी. झालरीचे कपडे हवेच असतील तर आग लावण्याचा शॉट तोडून घ्या.

करारपत्र

इतके सगळे आवाजाबद्दल लिहिताहेत, मी सह्यांबद्दल लिहितो. त्याच्या शेवटच्या दोन वर्षांतले निर्णय करार वाचल्याशिवाय कळतच नाहीत.

१५ ऑक्टोबर १९६५ ला, लंडनला जाण्याआधी जवळपास वर्षभर, त्याने न्यूयॉर्कमध्ये एड चाल्पिन यांच्या पीपीएक्स कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. हातात एक डॉलर आणि एक टक्का रॉयल्टी. मग त्याचा निर्माता आणि व्यवस्थापक चॅस चँडलर त्याला लंडनला घेऊन गेला, नाव झालं, आणि चाल्पिन करार दाखवत उभे राहिले. खटला मिटवताना एक पूर्ण नवी तबकडी द्यावी लागली. ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्कच्या फिल्मोर ईस्ट सभागृहात बिली कॉक्स आणि ड्रमवादक बडी माइल्सबरोबर झालेल्या मैफलींतून ती निघाली आणि मार्च १९७० मध्ये कॅपिटल कंपनीने काढली. म्हणजे ज्या वादनाला आज लोक शिखर मानतात, ते एका डॉलरच्या सहीची परतफेड म्हणून बाहेर आलं. पटकथाकाराला याहून चांगला धागा मिळणार नाही.

दुसरीकडे स्टुडिओ. न्यूयॉर्कच्या वेस्ट एट्थ स्ट्रीटवर ५२ नंबरला त्याने इलेक्ट्रिक लेडी हा स्वतःचा स्टुडिओ बांधला. आराखडा जॉन स्टोरिक यांचा. जमिनीखालून मिनेटा नावाचा जुना ओढा वाहतो, पाणी शिरलं, काम लांबलं, खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला आणि रेकॉर्ड कंपनीकडून कर्ज घ्यावं लागलं. कर्ज फेडायला दौरे, दौऱ्यांमुळे स्वतःच्याच स्टुडिओत वेळ नाही. २६ ऑगस्ट १९७० ला उद्घाटन झालं आणि तो लगेच आइल ऑफ वाइटसाठी निघाला. ६ सप्टेंबरला जर्मनीतल्या फेहमार्न बेटावर शेवटची मैफल. उद्घाटनानंतर तो जेमतेम तीन आठवडे जगला.

काळी_तबकडी

करारपत्र, अगदी मनातलं लिहिलंत. यात एक प्रसंग जोडा. दुसऱ्या तबकडीच्या पहिल्या बाजूचं अंतिम रीळ तो टॅक्सीत विसरला आणि ते मिळालंच नाही. चँडलर, ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि त्याला एका रात्रीत ती बाजू पुन्हा मिसळावी लागली. एक गाणं काही केल्या जमेना, तेव्हा नोएल रेडिंगकडची प्रत आणली. ती सुरकुतलेली होती, इस्त्री करून वापरली.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची रीतही दिसायला हवी. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत चारच ट्रॅक. क्रेमर दोन ट्रॅकवर ड्रम स्टिरिओ घ्यायचे, तिसऱ्यावर बेस, चौथ्यावर साथीची गिटार. मग हे चारही दुसऱ्या यंत्राच्या दोन ट्रॅकवर उतरवायचे, आणि उरलेल्या दोनांवर गाणं आणि मुख्य गिटार. एकदा उतरवलं की मागे फिरता येत नाही, ड्रमचा तोल तिथेच पक्का. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये बारा ट्रॅक मिळाले तेव्हा त्याने एकेक गाणं किती वेळा का घेतलं, आणि चँडलर कंटाळून का बाहेर पडला, हे या फरकातून दाखवता येईल.

नवश्रोता

शेवट कसा दाखवावा? खून झाल्याचं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं.

करारपत्र

नोंदीत आहे तेवढंच दाखवावं. नॉटिंग हिलमधलं समरकंद हॉटेल, सोबत मोनिका डॅनमन. सकाळी ११:१८ ला रुग्णवाहिकेला फोन, ११:२७ ला ती पोचली, सेंट मेरी अ‍ॅबट्स रुग्णालयात १२:४५ ला मृत घोषित. शवचिकित्सेत बार्बिच्युरेटच्या नशेत उलटी श्वासनलिकेत गेल्याचं निदान झालं. चौकशीत 'खुला निष्कर्ष' दिला गेला, म्हणजे अपघात की आत्महत्या हे ठरवण्याइतका पुरावा नाही. नव्वदच्या दशकात प्रकरण पुन्हा तपासायची मागणी झाली, पण पुढे चौकशी झाली नाही.

खुनाचा आरोप २००९ मध्ये त्याच्या एका जुन्या मंचसाहाय्यकाच्या पुस्तकातून पसरला. ज्याच्यावर आरोप, तो व्यवस्थापक माइक जेफरी १९७३ मध्येच विमान अपघातात गेला होता, उत्तर द्यायला कुणी नाही. अशा आरोपावर चित्रपट उभारणं अन्यायाचं होईल.

जिवंत माणसांशीही न्यायाने वागावं. २०१३ च्या चित्रपटात त्याची लंडनमधली मैत्रीण कॅथी एचिंगहॅम यांना मारहाण झाल्याचं दाखवलं, आणि असं काही घडलं नव्हतं हे त्यांना स्वतः जाहीर सांगावं लागलं.

सामान_सुमान

कॅथी यांचा विषय निघाला म्हणून. दोघं राहायचे ते लंडनच्या २३ ब्रूक स्ट्रीटवरचं घर २०१६ पासून लोकांना बघायला खुलं आहे. खोली जुन्या छायाचित्रांवरून आणि त्यांच्या आठवणींवरून पुन्हा सजवली आहे. शेजारचं २५ नंबरचं घर संगीतकार हँडेल यांचं. हे कळल्यावर हेंड्रिक्सने हँडेलच्या तबकड्या आणल्या होत्या. कलादिग्दर्शकाला अंदाजाने काही रचायची गरज नाही, फीतपट्टी घेऊन जावं.

नवश्रोता

आणि हक्क? वारसांनी नाही म्हटलं तर पुन्हा तेच होणार का?

करारपत्र

दोन वेगळे हक्क असतात. रचनेचा आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा. चित्रपटात त्याचं गाणं पुन्हा वाजवून घ्यायचं तरी रचनेची परवानगी लागतेच, मूळ तबकडी वापरायची तर दोन्ही. वडील अ‍ॅल हेंड्रिक्स यांनी खटला लढून १९९५ मध्ये हक्क परत मिळवले आणि कंपनी काढली. दोन्ही हक्क तिच्याकडे आहेत. अमेरिकेत त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढायला परवानगी लागत नाही, म्हणून २०१३ चा निघू शकला. त्यात दुसऱ्यांची गाणी घेतली, कारण त्यांची परवानगी दुसरीकडून मिळते. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' तबकडीचं नवंकोरं शीर्षकगीत हेंड्रिक्सने ४ जून १९६७ ला सॅव्हिल थिएटरात मॅकार्टनी आणि हॅरिसन समोर बसलेले असताना वाजवलं, तो प्रसंग त्यामुळेच घेता आला.

मुदत संपायची वाट बघण्यातही अर्थ नाही. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०३० अखेरपर्यंत. १९६७ ची ध्वनिमुद्रणं इथे २०२७ अखेर मोकळी होतील. पण ब्रिटनमध्ये रचना २०४० अखेरपर्यंत बंद, आणि अमेरिकेत १९६७ च्या रचना २०६२ पर्यंत, ध्वनिमुद्रणं २०६७ च्या फेब्रुवारीपर्यंत. जगभर लावायचा चित्रपट या तारखांवर बेतता येत नाही. निर्मात्याने पटकथेच्या पहिल्या खर्ड्यालाच कंपनीकडे जावं आणि कुठली गाणी, कुठल्या प्रसंगात, किती मिनिटं, हे लिहून द्यावं. नवी बातमी आली की कलाकार कोण, हे बघण्याआधी गाण्यांचे हक्क मिळाले का, तेवढं वाचा.